अल्फची कारकीर्द, मुक्काम कुरुळी

माणसं निवृत्त झाली की काशीला जातात, केरळला जातात, मुलं परदेशात असतील तर बर्फात उभं राहून फोटो काढतात. मी चाकणला गेले. दापोलीत हे सांगितलं तेव्हा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "तिथं बघायला काय आहे?" मलाच ठाऊक नव्हतं. आता सहा दिवस राहून परत आले आहे आणि वहिनींना तोंडी सांगून संपत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

निमित्त होतं दर्शनाच्या फोनचं. दर्शना माझी विद्यार्थिनी. शाळेत असताना कबड्डीत एक नंबर आणि इंग्रजीत काठावर पास. आता चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करते आणि कुरुळी गावात खोली घेऊन राहते. फोनवर म्हणाली, "बाई, इंग्लंडहून एक बाड आलंय. शंभर वर्षांपूर्वीच्या एका खेळाडूचं. आम्हाला कुणालाच नीट वाचता येत नाहीये. आणि रविवारी आमची फायनल आहे."

"मग फायनल झाल्यावर वाचा की."

"नाही बाई, आधीच हवंय. या ना तुम्ही."

कशाची फायनल, तर रग्बी लीगची. मी दोनदा विचारून घेतलं. मग पिशवी भरली.

बुधवार: भोसरी, चुकून

पुण्यापर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. गंमत सुरू झाली ती पुढच्या शेअर रिक्षात. मी "कुरुळी" म्हटलं, रिक्षावाला "बसा मावशी" म्हणाला, आणि त्याने मला भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका चौकात उतरवलं. चूक त्याची की माझी, अजून ठरलेलं नाही.

गल्लीच्या दोन्ही बाजूंना वर्कशॉप. प्रत्येकाच्या दारात लोखंडाच्या कुरळ्या सालींचा ढीग, आत निळसर उजेड आणि तेलाचा वास. कुठून तरी पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनचा धप्प, धप्प असा ठोका येत होता, इतका नेमका की माझी पावलं त्या तालावर पडायला लागली. आमच्याकडे दुपारी दोन वाजता नारळ पडला तरी शेजारी दचकतात. इथे त्या आवाजात एक माणूस भिंतीला टेकून गाढ झोपला होता.

एका वर्कशॉपच्या मालकाला रस्ता विचारला. सोलापूरकडचा होता. "मावशी, तुमी लई मागं उतरलाव की," म्हणाला. आधी स्टुलावर बसवून चहा पाजला, मग म्हणाला, "बसा गाडीवर, हायवेपर्यंत सोडतो." वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मांडीवर पिशवी आणि साडीचा घोळ मुठीत धरून, मी पहिल्यांदा परक्या माणसाच्या मोटरसायकलवर बसले. हायवेवर त्याने हात करून बस थांबवली आणि कंडक्टरला बजावलं, "भाऊ, शाळेच्या बाई आहेत, कुरुळीलाच उतरवा."

आपण शाळेच्या बाई आहोत हे मी त्याला सांगितलं नव्हतं. ते दिसतंच, असं नंतर सगळे म्हणाले.

गुरुवार: आक्कांचं रान

दर्शना राहते ती इमारत आक्कांची. आक्का म्हणजे कुरुळीच्या जुन्या शेतकरी घरातल्या, पासष्टीच्या, नऊवारी नेसणाऱ्या आणि मोबाइलवर भाडेकरूंना दम देणाऱ्या. कंपन्या आल्या तेव्हा त्यांच्या घराने बरीच जमीन विकली, तीन मजली खोल्या बांधल्या. मागचं एक एकर रान मात्र त्यांनी राखून ठेवलंय. पूर्वी तिथे ज्वारी व्हायची. आता तिथे बारा मुली संध्याकाळी एकमेकींना आपटतात.

"इकायचं न्हाई म्हनलं," आक्का मला म्हणाल्या. "समदंच इकल्यावर सकाळी उठून बघायचं कुटं? ह्या पोरी आल्या, म्हनल्या खेळू का. म्हनलं, खेळा. ज्वारीपरीस ह्यास्नी पानी कमी लागतं."

बाराही मुली कामगार. कुणी सीट शिवते, कुणी पॅकिंगमध्ये, कुणी पेंट शॉपला. कोकणातल्या चार, बाकी बीड, परभणी, लातूर. सगळ्या मूळच्या कबड्डीतल्या. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात त्यांना हा खेळ कुणी तरी दाखवला आणि त्या कबड्डीतून इकडे सरकल्या. खेळ मला असा समजला: चेंडू पपईसारखा लांबट. तो हातात घेऊन समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवायचा, की चार गुण. मग लाथेने दोन खांबांमधून धाडला की आणखी दोन. साथीदाराला द्यायचा तर मागेच द्यायचा, पुढे नाही. समोरच्यांनी पकडून पाडलं की उठून पायाने चेंडू मागे सरकवायचा आणि पुन्हा सुरू. सहा वेळा पाडले गेलात की चेंडू त्यांचा. मूळ खेळात एका बाजूला तेरा असतात. ह्यांच्या स्पर्धेत नऊ, कारण तेरा जणींची शिफ्ट एका वेळी सुटत नाही.

सराव बघताना मी रेषेच्या फार जवळ उभी राहिले. पपई आली ती थेट चष्म्यावर. एक दांडी तुटली. पाण्याच्या बाटल्या भरत बसलेली एक मुलगी धावत आली आणि खिशातली चिकटपट्टी काढून एका हाताने, दातांनी पट्टी तोडत, तिने दांडी बांधून दिली. उजवा हात तिने पूर्ण वेळ जॅकेटच्या खिशात ठेवला होता.

"तू खेळत नाहीस?" मी विचारलं.

"पहिलं खेळायचे," ती म्हणाली आणि बाटल्यांकडे परत गेली. तिचं नाव अयोध्या, गाव परभणीकडचं.

संध्याकाळी साडेसातला आक्कांच्या ओसरीवर सगळ्या जमल्या आणि दर्शनाने बाड काढलं. त्याची हकिकत अशी. दर्शनाच्या कंपनीत मशीन बसवायला हेलन नावाची एक इंग्रज इंजिनीअर आली होती. दर्शनाच्या पिशवीतला चेंडू बघून ती उडालीच. तिचे पणजोबा हाच खेळ खेळायचे. नाव अल्फ बिर्कशॉ. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणीगावात ते लोकर पिंजायला होते आणि शनिवारी खेळायचे. परत गेल्यावर तिने वर्तमानपत्रांची कात्रणं आणि पणजोबांनी म्हातारपणी लिहिलेल्या वहीच्या नकला पाठवून दिल्या.

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे. वही उघडली आणि पहिल्या पानावरच अडकले. अल्फ जसा बोलायचा तसाच लिहितो. 'नाउट', 'आउट', 'समाट'. कुठल्याच शाळेत हे शब्द नसतात. शेवटी दर्शनाने हेलनला फोन लावून दिला. ती हसली आणि म्हणाली, नाउट म्हणजे काही नाही, आउट म्हणजे काहीही, समाट म्हणजे काही तरी. पोरींसमोर माझी चांगलीच शोभा झाली.

तरी मी नेटाने शुद्ध मराठीत सांगायला लागले. "अल्फ लिहितो, की माझ्या मातोश्रींचा खेळाला विरोध होता. खेळून कोणाचेही पोट भरत नाही असे त्यांचे मत होते." दोन जणी जांभया देत होत्या. एक मोबाइलकडे बघत होती.

तेवढ्यात भाकरी थापणाऱ्या आक्का आतून ओरडल्या, "अवो बाई, आसं कोन आय बोलती का? 'मेल्या, खेळून कुनाचं प्वाट भरलंय?' आसं म्हनली आसंल ती!"

ओसरी हसून फुटली. आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं, की आक्का बरोबर आहेत. अल्फची इंग्रजी म्हणजे आक्कांची मराठी. त्याचं 'नाउट' म्हणजे त्यांचं 'न्हाई'. त्या क्षणापासून मी शुद्ध बोलणं सोडलं. मी वाक्याचा अर्थ सांगायचा, आक्कांनी ते वाक्य अल्फच्या तोंडी घालायचं. भाकऱ्या दोनदा करपल्या, पण अल्फ ओसरीवर येऊन बसला.

शुक्रवार: गिरणीचा भोंगा आणि मासवडी

आक्कांनी सकाळी जाहीर केलं, "आज मासवडी." मी कोकणातली. दोन दिवस मासळी नाही म्हणून जीव कासावीस झालेला, मी दिवसभर त्या वाटेवर डोळे लावून होते. ताटात आलं ते बेसनाचं उकडलेलं आवरण, आत खोबरं, तीळ आणि लसणाचं सारण, वड्या कापलेल्या माशाच्या आकारात, आणि सोबत लालजर्द रस्सा. मासा औषधालासुद्धा नाही. माझा चेहरा बघून आक्का म्हणाल्या, "काटं काडायची कटकट न्हाई, खा." खाल्ली. चार वेळा मागून घेतली. रश्श्याने डोळ्यांतून पाणी आलं, ते मी चष्म्याच्या दांडीवर ढकललं.

संध्याकाळी पुढचा अल्फ.

बाराव्या वर्षी तो अर्धा दिवस शाळेत, अर्धा दिवस गिरणीत जायचा. अंगाने लहानखुरा, पण पळायला वारा. अठराव्या वर्षी गावच्या क्लबात त्याची निवड झाली आणि पहिल्याच सामन्यात पुढचा दात गेला. आईने दाराला कडी घातली. तो मागच्या भिंतीवरून आत आला आणि दुसऱ्या दिवशी भोंग्याला हजर झाला.

मग मी त्यांना त्या खेळाच्या जन्माची गोष्ट सांगितली, कारण अल्फने ती आपल्या काकाकडून ऐकून लिहिली आहे. शनिवारी दुपारपर्यंत गिरणी चालायची. सामन्याला जायचं तर तेवढे तास बुडायचे, मजुरी कापली जायची. उत्तरेकडचे क्लब म्हणाले, आमच्या कामगारांची बुडालेली मजुरी आम्ही भरून देतो. दक्षिणेकडचे बडे लोक म्हणाले, खेळासाठी पैसा घेणारा तो सभ्य खेळाडू नव्हेच. तेव्हा उत्तरेचे क्लब उठले आणि जुन्या रग्बीपासून वेगळे झाले. त्यातून हा खेळ निघाला.

जांभया देणाऱ्या दोघी सरसावून बसल्या. मग पेंट शॉपमधली प्राची म्हणाली, "म्हणजे बाई, हा खेळ शिफ्टवाल्यांचाच आहे?"

"शिफ्टवाल्यांनीच काढलाय."

"मग आपण दोन वर्षं उगाच घाबरत होतो. आपलाच आहे की राव!"

त्यानंतर अल्फ सुटलाच. बाजूच्या रेषेवरून पळणारा, कुणाच्या हाताला न लागणारा. कात्रणांत त्याला 'ससा' म्हटलंय. परगण्याच्या संघात गेला. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या संघाविरुद्ध इंग्लंडकडून एक सामना खेळला, गुडघाभर चिखलात, आणि त्या चिखलातून साठ पावलं पळत जाऊन त्याने चेंडू टेकवला. दुसऱ्या दिवशी गिरणीत मुकादमाने मशीन बंद करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. अल्फ लिहितो (आक्कांच्या तोंडून), "मशीन बंद झाल्याली मी पयल्यांदाच बघितली. म्हनलं, आता आपुन मोटं झालो."

मुलींनीही टाळ्या वाजवल्या. मी पान उलटलं. महायुद्ध आलं. अल्फ चार वर्षं लढाईवर गेला आणि परत आला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. क्लबच्या लोकांनी त्याला बसवून चहा दिला आणि सांगितलं, तुझ्याच्याने आता चेंडू झेलवणार नाही.

हे मी वाचलं आणि मान वर केली. बाराही जणी माझ्याकडे बघत नव्हत्या. पायरीवर बसलेली अयोध्या उठली, चपला घातल्या आणि निघून गेली.

तेव्हा मला तो खिशातला हात आठवला. मी दर्शनाला बाजूला घेतलं. "काय झालंय तिला?"

"गेल्या वर्षी भोसरीत प्रेस मशीनवर होती. दोन बोटं गेली. बाई, ती आमच्यातली सगळ्यात भारी खेळाडू होती. तेव्हापासून फक्त बाटल्या भरते."

"आणि तुला हे ठाऊक होतं? अल्फच्या बोटांचं?"

"हेलनने सांगितलं होतं."

मला खरंच राग आला. "मग मला आधी सांगायचंस. मी अशी धाडकन वाचून टाकली नसती."

दर्शनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, कॅप्टन समजूत घालतेय. आमचं कुणाचंच ती ऐकत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं. अल्फचं ऐकेल असं वाटलं."

मी वही मिटली. रात्रभर अयोध्याची रिकामी पायरी डोळ्यांसमोर होती.

शनिवार: दोघीच

सकाळी सात वाजता मी रानाच्या बांधावर चहा घेऊन बसले होते. इथली थंडी कोरडी. आमच्या दापोलीच्या थंडीला ओल असते, ही नुसती कानांना चावते. दूर हायवेवर ट्रकांची रांग, आणि कंपन्यांच्या पत्र्यांवर ऊन चढत होतं. खरं सांगते, सुंदर दिसत होतं.

अयोध्या तिसरी शिफ्ट करून थेट आली. प्रेस सुटल्यावर ती आता एका गोदामात माल मोजायला आहे. माझ्यापासून हातभर अंतरावर बसली.

"बाई, एक इचारू का? त्यानं पुढं काय केलं?"

"कुणी?"

"त्या अल्फनं. घरी बसला का?"

मी आत जाऊन वही आणली. आक्का नव्हत्या, त्यामुळे जमेल तसं मीच सांगितलं. अल्फ पहिली थंडी घरी बसला. सामने बघायलाही गेला नाही. मग एके दिवशी बायको म्हणाली, तुझे पाय कुठे गेलेत? खांदे कुठे गेलेत? तो विचारात पडला. पळणाऱ्याला चेंडू झेलावा लागतो, पण मधल्या फळीत उभं राहणाऱ्याचं काम वेगळं. तिथे अंगावर येणाऱ्याला अडवायचं, धक्के घ्यायचे, घोळक्यात चेंडू पायाने ओढून काढायचा. ससा म्हणून नाव मिळवलेल्या माणसाने, बत्तिसावं वर्ष ओलांडल्यावर, बैलाचं काम शिकायला घेतलं. गिरणीच्या मागच्या अंगणात लोकरीची गाठोडी टांगून तो रोज त्यांना मिठ्या मारायचा. वहीत एक वाक्य आहे, त्याखाली त्याने स्वतः रेघ ओढली आहे. पकड बोटांनी करतात असं लोकांना वाटतं. पकड खांद्याने होते, आणि ती बंद करायला मनगट पुरतं.

अयोध्या ऐकत होती. तिने खिशातून हात काढला. पहिल्यांदाच. मधली दोन बोटं मुळापासून नव्हती. डाव्या हाताने तिने उजवं मनगट घट्ट धरलं, हातांचं कडं केलं आणि बघितलं.

"मग क्लबवाल्यांनी घेतलं त्याला?"

"पहिल्या वर्षी नाही घेतलं. दुसऱ्या वर्षी घेतलं. आणि वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो कपची फायनल खेळला. कात्रण आहे बघ. जिंकले."

तिने ते कात्रण उन्हात धरून खूप वेळ पाहिलं. फोटोत अल्फ मधोमध, कानाभोवती पट्टी, एक दात नसलेला, हसतोय.

"लै खुश दिसायलाय वो," ती म्हणाली. मग एकदम: "बाई, मला भ्याव हाताचं नव्हतं. लोक बघतेत त्याचं होतं. चेंडू सुटला की म्हनतील, बिचारी. ते बिचारी मला नगं."

तिच्या हातातलं कात्रण मी वहीत ठेवलं. मी एवढंच म्हणाले, "झोप काढ आधी. रात्रभर जागी आहेस."

संध्याकाळी पाचला सराव सुरू झाला तेव्हा बाटल्या भरायला कुणीच नव्हतं. त्या मी भरल्या. अयोध्या दर्शनासमोर उभी होती आणि म्हणत होती, "पळ माझ्या अंगावर. हळू नगं. खरी पळ."

दर्शना खरी पळाली. पुढच्या क्षणी आमची कॅप्टन उताणी पडून आभाळाकडे बघत होती, आणि हसत होती.

रविवार: फायनल

मैदान भोसरीत. समोर ताथवड्याच्या एका कॉलेजचा संघ. उंच, चपळ मुली, सगळ्यांचे बूट एका रंगाचे, सोबत दुखापत बघायला स्वतंत्र माणूस. आमच्याकडे दोन रंगांचे मोजे आणि आक्का. आक्का टेम्पोत पुढे बसून आल्या होत्या आणि मागे अर्धी कुरुळी होती.

पहिला अर्धा आमच्या बाजूने गेला नाही. कॉलेजच्या सात नंबरच्या मुलीने पाचव्या मिनिटाला कडेने धूम ठोकली, चेंडू टेकवला, लाथेने खांबांतूनही धाडला. सहा-शून्य. मग दर्शना तिघींच्या मिठीतून घसरत रेषेपलीकडे पोचली. आमची लाथ वाया गेली. सहा-चार. आणि मध्यंतराच्या तोंडावर मधल्या फळीतल्या प्राचीचा घोटा मुरगळला.

दर्शनाने बाकाकडे पाहिलं. अयोध्या आधीच जॅकेट काढत होती.

ती मैदानात गेली तेव्हा मागून कुणी तरी हळूच म्हणालं, "अगं, तिचा हात बघ." आक्का गर्रकन वळल्या. "हात काय बघतीस? पाय बघ तिचं!"

पाय बघण्यासारखेच होते. चेंडू आला की ती तो डाव्या काखेत घट्ट दाबायची आणि सरळ गर्दीत शिरायची. दोघी-तिघी लटकल्याशिवाय पडायची नाही. पडली की उठून चेंडू पायाने मागे, पुन्हा उभी. एकदा तिच्या हातून चेंडू निसटला. कुणीच बिचारी म्हणालं नाही. दर्शना ओरडली, "अयोध्या, झोपलीस काय?" आणि अयोध्याच्या तोंडावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही.

तिने तीन जणी स्वतःवर ओढून घेतल्या तेव्हा बाजूला मोकळी जागा झाली. चेंडू मागे आला, दर्शनाकडे, दर्शनाकडून रत्नागिरीच्या प्रणालीकडे, आणि प्रणाली सुसाट. आठ-सहा! आमच्यामागे हलगी सुरू झाली. मी एका अनोळखी बाईला मिठी मारली.

उरली दोन मिनिटं. कॉलेजच्या मुली लाटांसारख्या येत राहिल्या. एक वेळ पाडलं, दोन, तीन, चार, पाच. सहाव्या वेळी सात नंबरची ती मुलगी फटीतून सुटली. रेषा दहा पावलांवर. मध्ये फक्त अयोध्या.

आक्का उभ्या राहून किंचाळल्या, "धर गं! सोडू नगंस!"

अयोध्या वाकली. खांदा त्या मुलीच्या मांडीवर बसला, दोन्ही हात मागून फिरले आणि मनगटाला मनगट अडकलं. धावणारी मुलगी हवेत उचलली गेल्यासारखी थांबली आणि दोघी धप्पकन खाली आल्या. धूळ उडाली. चेंडू रेषेच्या अलीकडे होता. चांगला हातभर अलीकडे. पंचांनी वाकून बघितलं आणि सामना संपल्याची शिटी वाजवली.

त्यानंतरचं मला सलग सांगता येत नाही. गुलाल कुणी आणला होता, कळलं नाही. माझ्या पांढऱ्या केसांत तो अजून आहे. सात नंबरची मुलगी उठली आणि तिने पहिल्यांदा अयोध्यालाच मिठी मारली. "ताई, तू कुठे होतीस इतके दिवस? आम्ही तुझी तयारीच केली नव्हती!" म्हणाली. कप घेताना दर्शनाने अयोध्याला पुढे ढकललं आणि तिने तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. टेम्पो भोसरीहून कुरुळीपर्यंत हलगीच्या तालावर गेला. ट्रकवाले हॉर्न वाजवून दाद देत होते. मोशीला इंद्रायणीच्या पुलावर गाड्या अडकल्या, तर लोक खाली उतरून नाचले. कोण जिंकलं, कशात जिंकलं, निम्म्यांना माहीत नव्हतं.

सोमवार, संध्याकाळी पाच

सकाळी पावणेसातपासून सगळ्या आपापल्या शिफ्टला गेल्या. कुणी रजा घेतली नाही. प्राची लंगडत गेली. दिवसभर गाव नेहमीसारखं होतं. आक्कांनी मला बांधून द्यायला मासवड्या केल्या आणि उद्याच्या पहिल्या बसपर्यंत थांबवून घेतलं.

पाच वाजता रानात गेले तर तिथे अनोळखी मुली उभ्या होत्या. एकवीस. मी मोजल्या. कुणाच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कुणी डब्याची पिशवी घेऊन, दोघी तर साडीतच. काल टेम्पो बघितला होता, म्हणाल्या. आम्हाला पण खेळायचंय.

दर्शना दुसऱ्या शिफ्टच्या कुणाच्या तरी जागी अडकली होती, बाकीच्या अजून परतायच्या होत्या. मुलींनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या अयोध्याकडे गेली. तिने चेंडू बाजूला ठेवला.

"चेंडू आज नाय मिळायचा कुनाला," ती म्हणाली. "आधी पडायला शिका. मंग पाडायला शिकवते."

साडीतल्या एकीने घाबरून विचारलं, "ताई, लागेल का?"

"लागंल की," अयोध्या म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी ती स्वतःच खांद्यावर लोळण घेत मातीत पडली.